चित्रावर ठेवलेला हात

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. २००१ साली शिक्षणसेवक म्हणून महिना तीन हजारांच्या मानधनावर लागले, तीन वर्षांनी कायम झाले, आणि तेव्हापासून पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवणं हेच माझं मुख्य काम आहे. माझ्या स्वतःच्या मुलाला मात्र मी माझ्या शाळेत घातलं नाही. कराडमधल्या एका खाजगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तो बारा वर्षं शिकला. त्या बारा वर्षांत आम्ही कर्ज काढलं, दागिने गहाण ठेवले, घराची जागा हातची घालवली. हे का केलं आणि त्यातून काय निघालं, ते आजवर मी एका माणसाखेरीज कुणाला सलग सांगितलेलं नाही.

हा मुलगा थोरला, २००६चा. तेव्हा आम्ही कराडला दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. माझी शाळा चौदा किलोमीटरवरच्या गावात होती. माझ्या मिस्टरांचं ओगलेवाडीला मोटार रिवायंडिंगचं दुकान. उन्हाळ्यात विहिरींवरच्या मोटारी जळायच्या तेव्हा त्यांना जेवायला सवड नसायची, आणि पावसाळ्यात तीन-तीन दिवस एकही गिऱ्हाईक यायचं नाही. आयटीआय झाल्यावर ते पिंपरीला एका कंपनीत मुलाखतीला गेले होते. हातात काम होतं, डोक्यात ज्ञान होतं, पण समोरच्याने इंग्रजीत विचारलेल्या दुसऱ्याच प्रश्नाला ते गप्प झाले आणि गप्पच राहिले. ही गोष्ट त्यांनी मला लग्नानंतर एकदाच सांगितली. मुलाच्या शाळेचा विषय निघाला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्याच्यावर तशी गप्प बसायची वेळ यायला नको."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी २००० सालीच सुरू झालं होतं आणि ते मी स्वतः शिकवत होते. मूल ज्या भाषेत बोलतं त्या भाषेत आधी वाचायला शिकलं, की दुसऱ्या भाषेचं वाचन सोपं जातं, हे मी वर्गात दरवर्षी पाहत होते. पण मी ते बोलले नाही. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, बहुतेक शिक्षकांची मुलं इंग्रजी माध्यमात होती. केंद्रसंमेलनाला डबे उघडले की कोणाचा मुलगा कोणत्या शाळेत, तिथली फी किती, हेच विषय निघत. माझा मुलगा मागे पडला तर, ही भीती मला मिस्टरांइतकीच होती. फक्त त्यांची भीती त्यांच्या अनुभवातून आली होती, माझी इतरांकडे बघून आली होती.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच उन्हाळ्यात आमचं त्यावर प्रशिक्षण झालं. प्रवेश देताना शाळेला देणगी घेता येत नाही, मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही, हे कलम १३ मी वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. देणगीबंदीचा कायदा तर आपल्या राज्यात १९८७ पासूनच आहे. आणि त्याच उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलाला घेऊन त्या शाळेत मुलाखतीला बसलो. त्याला रंगांची नावं विचारली, ती त्याने सांगितली. मला विचारलं, काय करता? मी म्हटलं, "टीचर आहे." कुठल्या शाळेत, असं विचारल्यावर मी गावाचं नाव सांगितलं. 'जिल्हा परिषद' हे दोन शब्द मी गाळले. पुढे झालेल्या सगळ्या चुकांची सुरुवात मला त्या गाळलेल्या दोन शब्दांत दिसते.

देणगी तीस हजार, पावती नाही. पहिल्या वर्षाची फी बावीस हजार. माझ्या हातात तेव्हा सगळ्या कपाती जाऊन सोळा हजार यायचे. मलकापूरच्या पुढे आम्ही दोन गुंठे जागा पाहून ठेवली होती. तीन लाखांत सौदा ठरत आला होता आणि इसारासाठी पन्नास हजार साठवले होते. तो इसार शाळेत गेला. सहावा वेतन आयोग नुकताच लागू झाला होता, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांत पुन्हा पैसे उभे राहतील असं आम्हाला वाटलं. ते उभे राहिले नाहीत. फी दरवर्षी वाढत गेली आणि तिच्या मागे बाकीचा खर्च आला: शाळेतूनच घ्यायची पुस्तकं, दोन गणवेश, व्हॅन, स्नेहसंमेलनाचा पोशाख, सहलीचे पैसे. शिक्षकांच्या सोसायटीतून मी पहिलं कर्ज २०११ मध्ये काढलं. दोन सहकारी जामीन राहिले आणि हप्ता पगारातूनच कापून जाऊ लागला. ते फिटायच्या आत त्याचंच वाढीव कर्ज केलं. मग भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम काढला, आधी परताव्याचा आणि नंतर ना-परताव्याचा. एक विमा पॉलिसी हप्ते न भरल्यामुळे बंद पडली. २०१५च्या दुष्काळात खटाव-माणकडची मिस्टरांची गिऱ्हाइकं तुटली. विहिरीला पाणीच नसेल तर मोटार चालणार कशी आणि जळणार कशी? त्या वर्षी माझ्या पाटल्या सोनेतारणात गेल्या.

पण पैशाच्या गोष्टीच्या आधी एक दुसरी गोष्ट सांगायला हवी, कारण माझी खरी चूक तिथे आहे.

२०१३ची दिवाळीची सुट्टी. थोरला दुसरीत होता. त्याच्या वह्या पाहण्यासारख्या होत्या. अक्षर छापल्यासारखं, पानोपानी बाईंनी काढलेल्या चांदण्या. त्या दुपारी तो इंग्रजीचं पुस्तक घेऊन माझ्या शेजारी बसला आणि एक धडा घडाघडा वाचून दाखवला. वर शेताचं चित्र होतं, खाली पाच ओळी. माझ्या हाताला कामाची सवय आहे. मी सहज चित्रावर तळवा ठेवला आणि तिसऱ्या ओळीतल्या मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं. म्हटलं, "हा कुठला?"

त्याने शब्दाकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे पाहिलं, चित्र दिसतंय का ते बघायला. मग धड्याच्या पहिल्या शब्दावर स्वतःचं बोट ठेवलं आणि पहिल्यापासून म्हणत म्हणत खाली येऊ लागला. दुसऱ्या ओळीत तोंडातला शब्द पुढे गेला आणि बोट मागे राहिलं. तो थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

त्याला वाचता येत नव्हतं. सगळा धडा पाठ होता. मुलाला वाचता येतं की पाठ आहे, हे ओळखायला मला दहा सेकंद पुरतात, त्या कामाचाच मला पगार मिळतो. त्याच्या वर्गात अठ्ठेचाळीस मुलं होती आणि त्यांच्या बाई मन लावून शिकवणाऱ्या होत्या. दोष एकट्या त्यांचा नव्हता. घरात जी भाषा कानावर पडत नाही, तिच्यात वाचायला शिकायचं म्हणजे अक्षर आणि अर्थ ही दोन्ही ओझी मुलाला एकाच वेळी उचलावी लागतात. त्यात बाजूला बसून कोणीतरी रोज अर्धा तास हात द्यावा लागतो. तो हात देणं ज्या माणसाचं काम होतं ती मी, आणि मी संध्याकाळी साडेसहाला घरी येऊन भाकरी थापत होते.

मी चित्रावरचा हात उचलला. तो पुन्हा घडाघडा म्हणू लागला. मी "शाब्बास" म्हटलं. रात्री मिस्टरांना सांगितलं, "छान वाचतो." सुट्टी संपल्यावर दुसरा हप्ता चौदा हजारांचा भरला आणि जवळच्याच एका बाईंकडे सातशे रुपये महिन्याची शिकवणी लावली. दुसऱ्यांच्या तीस मुलांना वाचायला शिकवणारी मी, माझ्या मुलाला वाचायला शिकवण्यासाठी दुसऱ्या बाईंना पैसे देऊ लागले.

मी खरं का बोलले नाही, याचा पुष्कळ विचार केला आहे. ते कबूल केलं असतं तर तीस हजारांची देणगी, इसार, सोसायटीचं कर्ज हे सगळं वाया गेलं असं म्हणावं लागलं असतं. ते म्हणायची माझी तयारी नव्हती, म्हणून मी आणखी पैसे भरले. पुढची आठ वर्षं तेच करत राहिले.

त्या दिवाळीनंतर माझ्या शाळेच्या गावात व्हॅन येऊ लागली. महामार्गाला एक नवी इंग्रजी शाळा निघाली होती, तिची. आमच्या पहिली ते चौथीच्या शाळेचा पट तेव्हा चौसष्ट होता आणि आम्ही तिघं शिक्षक होतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टपासून तीन. म्हणजे तिसऱ्या शिक्षकाची जागा चार मुलांवर उभी होती. मी पालकांच्या घरोघर गेले. सगळ्यांत आधी आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे गेले, कारण त्यांनीच आपल्या धाकट्याचं नाव व्हॅनवाल्याकडे दिलं होतं. त्यांनी मला बसायला दिलं, चहा दिला. म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल आमचं काय वाईट मत न्हाई. पर तुम्ही शाळंच्या आतल्या. आत काय हाय ते तुमास्नी ठावं. तुमीच आपलं पोरगं भाईर धाडलं म्हटल्यावर आमी काय समजायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चहा संपवला आणि उठले. त्या घरानंतर दुसऱ्या घरी जायला माझे पाय उचलेनात.

पुढच्या ३० सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांच्या जागांची संचमान्यता झाली, तेव्हा पट अठ्ठावन्न होता. एक जागा गेली. आमच्यात सर्वांत नवे असलेले गुरुजी समायोजनात पाटण तालुक्यातल्या डोंगरातल्या शाळेवर गेले. त्यांची बायको बाळंतीण होती. चार इयत्ता दोघांत वाटल्या गेल्या आणि माझ्या एका खोलीत पहिली आणि दुसरी एकत्र बसू लागली. ती सहा मुलं माझ्यामुळेच गेली असं मी म्हणत नाही. रस्ता झाला होता, व्हॅन आली होती, हवा तशीच होती. पण त्या दिवशी अध्यक्षांना माझ्याकडून एक खरं उत्तर हवं होतं. "माझा मुलगा दुसरीत आहे आणि त्याला वाचता येत नाही," हे मी त्यांना सांगू शकले असते. ते मी घरातसुद्धा सांगितलं नव्हतं.

त्या सहांपैकी एका मुलाच्या वडिलांनी दुसऱ्या वर्षीच्या फीसाठी दुभती म्हैस विकली होती. तिसरीच्या मध्यावर ते मूल परत माझ्याकडे आलं. त्याची वही माझ्या मुलाच्या वहीसारखीच होती. तितकीच सुबक, आणि त्याला त्यातला एकही शब्द वाचता येत नव्हता. मी त्याला चार महिन्यांत वाचायला शिकवलं. शिकवताना मनात हाच हिशेब चालायचा की म्हैस गेली ती गेली.

आमच्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळा तेव्हा ज्ञानरचनावादी पद्धतीसाठी राज्यभर गाजत होत्या. आम्हीही बघायला गेलो. जमिनीवर आखलेली घरं, बिया आणि काड्यांचे गठ्ठे, शब्दांच्या पट्ट्या, आणि गटागटाने आपली आपण शिकणारी मुलं. मी परत येऊन माझ्या खोलीची फरशी रंगवली, खडे-बिया गोळा केल्या, वर्ग बदलला. पहिलीची मुलं दिवाळीच्या आत वाचू लागली. माझ्या हातून कधी झालं नव्हतं इतकं चांगलं काम पुढच्या दोन वर्षांत झालं. ते मी माझ्या मुलाला देऊ शकले नाही, कारण तो तिथे नव्हता.

धाकटी मुलगी २०१०ची. ती पहिलीत जायची झाली तेव्हा, २०१६ मध्ये, थोरल्याची फी शेहेचाळीस हजारांवर गेली होती. दुसरी फी शक्यच नव्हती. मी नातेवाइकांना सांगितलं, "ती माझ्या नजरेसमोर राहील." खरं कारण पैसे हे होतं. मुलगी थोरली असती आणि मुलगा धाकटा, तर आम्ही तिच्यासाठी इसार मोडला असता का आणि त्याला माझ्या शाळेत आणलं असतं का? मला तसं वाटत नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरं आहे.

धाकटी माझ्या स्कूटीवर पुढे उभी राहून शाळेला यायची. फाटकाच्या आत गेली की मला "बाई" म्हणायची, बाहेर आलं की "आई". ती माझ्याच वर्गात वाचायला शिकली. तिसरीत असताना एका संध्याकाळी घरी येताना, कृष्णेच्या पुलावर तिने विचारलं, "आई, आपली शाळा चांगली आहे ना?"

"हो, चांगली आहे की."

"मग दादाला का नाही आणलं?"

मी म्हटलं, "दादाला व्हॅन आहे म्हणून." ती घर येईपर्यंत काही बोलली नाही. तिने पुन्हा कधी तो प्रश्न विचारला नाही. तिला तिचं उत्तर मिळालं होतं, आणि ते मी दिलेलं उत्तर नव्हतं.

थोरल्याच्या शाळेत दरवर्षी पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती होते. आपल्या राज्याचा फी नियमनाचा कायदा २०११चा, तो २०१४ पासून लागू झाला. फी किती असावी याचा प्रस्ताव व्यवस्थापनाने कागदपत्रांसह या समितीपुढे ठेवायचा असतो, आणि एकदा मंजूर झालेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडतात. २०१६ मध्ये माझी चिठ्ठी निघाली. बैठकीला आम्ही दहा-बारा पालक होतो. समोर एका पानावर नवी फी होती, खर्चाचे कागद नव्हते. मी कायदा वाचलेला होता. कागद मागावेत असं मनात आलं, पण मुलगा याच शाळेत आहे हेही मनात आलं, आणि बाकीचे सह्या करत होते. मीही सही केली. जी वाढ आम्हाला झेपणार नव्हती, ती मीच मंजूर केली.

दुसऱ्या वर्षी, थोरला सहावीत असताना, मी त्याची पँट धुवायला घेतली आणि खिशात कागदाचा लगदा लागला. उलगडला तर शाळेचा निळा शिक्का आणि "११,५००" एवढंच वाचता येत होतं. फी थकल्याची चिठ्ठी होती. मी त्याला हाक मारली आणि आधी ओरडले. वस्तू जपून ठेवता येत नाही, निरोप देता येत नाही, असं बरंच बोलले. मग विचारलं, कधी दिली होती? नऊ दिवस झाले होते. त्या नऊ दिवसांत त्याला आणखी चार मुलांबरोबर दोनदा कार्यालयाबाहेर उभं केलं होतं. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "बाबांचं दुकान पावसात चालत नाही ना. दिवाळीनंतर देणार होतो मी चिठ्ठी."

अकरा वर्षांचा मुलगा आमच्या दुकानाचा हंगाम मोजत होता. आम्ही त्याच्यापासून पैशाची ओढाताण लपवली असं समजत होतो. दोन खोल्यांच्या घरात काही लपत नाही. त्याने सोसायटीचा हप्ता ऐकला होता, पाटल्या कपाटातून गेलेल्या पाहिल्या होत्या, आणि हे सगळं आपल्यामुळे होतंय हे त्याला कळत होतं. सहलीला जायचं नाही, असं तो आदल्या वर्षी स्वतःहून म्हणाला होता, तेव्हा मी त्याला समजूतदार म्हटलं होतं.

मुलाला मानसिक त्रास देण्याला शिक्षण हक्क कायद्यात बंदी आहे. आमच्या पालकसभेत ते कलम मी स्वतः वाचून दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी सोसायटीतून तातडीचं कर्ज घेतलं, त्या शाळेत गेले, पैसे भरले आणि कारकुनाला म्हटलं, "उशीर झाला, सॉरी." मुलाला बाहेर का उभं केलं, हे विचारलं नाही.

पहिल्यांदा तोंड उघडलं ते २०२१ मध्ये. कोरोनाच्या काळात शाळा बंद होत्या, थोरला दहावीत मोबाईलवर शिकत होता आणि मी माझ्या गावात देवळाच्या पारावर चार-चार मुलं अंतराने बसवून शिकवत होते. त्या ऑगस्टमध्ये सरकारने खाजगी शाळांच्या फीमध्ये १५ टक्के कपातीचा निर्णय काढला. मी त्याची प्रत काढली आणि शाळेत घेऊन गेले. तीन हेलपाटे मारल्यावर शेवटच्या हप्त्यातून ती रक्कम वळती झाली. कोणी मुलाला त्रास दिला नाही, कोणी माझा अपमान केला नाही. अकरा वर्षं मी ज्या गोष्टीला भीत होते ती घडलीच नाही.

त्या शाळेने मुलाला काही दिलं नाही असं मी म्हणणार नाही. पाचवीच्या सुमारास त्याचं वाचन जमलं, आणि पुढे इंग्रजी त्याच्या तोंडात सहज बसली. दहावीच्या सुट्टीत दुकानासाठी तांब्याच्या तारेची मागणी नोंदवायची होती आणि कंपनीचा माणूस बेंगळुरूहून बोलत होता. मिस्टरांनी फोन मुलाकडे दिला. तो दहा मिनिटं बोलला, भाव विचारला, माल कधी पोचेल ते ठरवलं. मिस्टर हातात पकड धरून नुसते उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. ते ज्यासाठी राबले ते त्यांना मिळालं, आणि ते खोटं नव्हतं. पण आबांनी, माझ्या सासऱ्यांनी, शेवटच्या आजारपणात वहीत लिहून ठेवलेल्या चार पानांपैकी एकही पान त्याला धड वाचता आलं नाही. धाकटीने ती सगळी पानं त्याला वाचून दाखवली. ती आता कराडमध्येच एका अनुदानित हायस्कूलला सेमी इंग्रजीत आहे. बोलताना अडखळते, पण दिलेलं पुस्तक संपवते. दोघंही बरी मुलं आहेत. त्यांच्यात डावं-उजवं मी करणार नाही, तेवढी चूक मी एकदा केली आहे.

थोरल्याचा दहावीचा निकाल लागल्यावर मी सगळ्या पावत्या काढून बेरीज केली. फी, पुस्तकं, गणवेश, व्हॅन, शिकवणी आणि पावती नसलेली देणगी धरून सात लाख त्र्याऐंशी हजार झाले. कर्जाचं व्याज त्यात नाही. त्याने कराडच्याच शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा केला, तिथली फी आम्ही विनासायास भरली. त्याच्या वर्गातली निम्मी मुलं मराठी शाळांतून आली होती. पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकांत ती अडखळली आणि दुसऱ्या वर्षी बरोबरीने चालू लागली. पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला त्याला खाजगी कॉलेज मिळालं, तेव्हा घरात एक पैसा शिल्लक नव्हता. शैक्षणिक कर्ज त्याच्या नावावर निघालं आहे. जो पैसा एकोणिसाव्या वर्षी लागणार होता, तो आम्ही चौथ्या वर्षापासून संपवत आणला होता. मलकापूरच्या त्या जागेत आता दुसऱ्याचं दोन मजली घर आहे. आम्ही अजून भाड्याच्याच घरात राहतो.

आंध्र प्रदेशातल्या एका अभ्यासाबद्दल मी अलीकडे वाचलं. २००८ पासून चार वर्षं कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या खेड्यांत तो केला. खाजगी शाळेत जायची इच्छा असलेल्या मुलांतून सोडत काढून काहींची फी भरली, आणि चार वर्षांनी त्यांची तुलना सोडतीत नंबर न लागलेल्यांशी केली. तेलुगू आणि गणितात फरक नव्हता. हिंदीत खाजगीतली मुलं पुढे होती, कारण सरकारी शाळेत त्या वर्गांना हिंदी शिकवतच नव्हते. त्या शाळा स्वस्तातल्या होत्या, त्यावरून सगळ्याच खाजगी शाळांबद्दल बोलता येणार नाही. आणि त्या शाळांनी सरकारच्या एक तृतीयांशाहून कमी खर्चात तेवढंच काम केलं, हेही त्याच अभ्यासात आहे. त्याचा विचार माझ्या खात्याने करायला हवा. मला मात्र वाचताना आमच्या दोन खोल्याच आठवत राहिल्या.

गेल्या जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी गावातला एक तरुण बाप शाळेत आला. तो माझाच जुना विद्यार्थी, आता ट्रॅक्टर चालवतो. अध्यक्षांनी काढलेलाच विषय त्याने काढला, "बाई, तुमचा मुलगा कुठल्या शाळेत होता?" या वेळी मी सगळं सांगितलं. शाळा, रक्कम, पाटल्या, धाकटीचा प्रश्न, खिशातला लगदा. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "पर बाई, बायकोनं व्हॅनवाल्याला पैसे दिल्यात." मी त्याला अडवलं नाही. माझ्या वर्गातलं एक पुस्तक काढलं, पान उघडलं, चित्रावर तळवा ठेवून मधल्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "महिन्यातून एकदा एवढं कर. दुसरं काही नको. आणि जे दिसेल ते घरात सांग."

डिसेंबरमध्ये एका रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, "बाई, हात ठेवला. पोरगं हाताकडंच बघाय लागलं." मग थोडा वेळ काहीच बोलला नाही. मला वाटलं, तो आता शिकवणीबद्दल विचारेल. त्याने विचारलं, "मधीच नाव घालता येतं का?"

मी म्हटलं, "येतं. उद्या शनिवार आहे, सकाळची शाळा. साताला घेऊन ये."